हाचिनोहे, रविवार, सहा कुस्त्या

आधी तक्रार सांगते, कौतुक मागाहून.
पहिली कुस्ती वीस मिनिटं चालली, सात पुरली असती.
दोन्ही पोरं विशीतली, अंगात पारा,
दोरावरून कोलांटी, कोलांटीतून कोलांटी,
पण दुखायला कुणालाच वेळ नाही.
मान आपटली तरी लगेच उभे, केस सारखे करत.
अरे, थांबा की जरा.
तुमचं हाड मोडलंय
हे मागच्या रांगेपर्यंत पोचू तरी दे.

मी बंदरावरच्या कारखान्यात माकुळं सोलते, एकोणीस वर्षं.
सुरी कुठे लागते आणि कुठे नुसती फिरते
हे बोटांना कळतं.
म्हणून सांगते: शिनोहाराचं कोपर लागत नाही.
पट्टा त्याच्या कमरेला, पोस्टरवर तो,
टोकियोहून त्याच्यासाठी आलेल्या मुली पहिल्या रांगेत,
असू देत.
मध्ये चार बोटं हवा राहते
आणि पाय तेवढा फळीवर धाडकन आपटतो.
आवाज पायाचा, नाव कोपराचं.

इका कामेनबद्दल मी निःपक्ष नाही.
डोक्यावर माकुळाचे रबरी दहा पाय, त्यातला एक गळालेला,
खास आमच्या गावासाठी काढलेलं सोंग.
एप्रिलमध्ये सेन्दाईत म्हणे हाच माणूस
गाईची जीभ होता.
पाच कार्यक्रम, पाच पराभव.
पण पडावं कसं ते त्याने दाखवावं:
आधी गुडघा विचार करतो, मग कंबर नको म्हणते,
मग सगळं अंग एकदम कबूल होतं.
चारी मुंड्या चीत,
आणि एक तंगडी अजून छताशी वाद घालतेय.
शेजारची सुगावाराबाई इतकी हसली
की तिचा चहा माझ्या वहीवर.
त्या पानावरचे गुण आता वाचता येत नाहीत.
नऊ होते.

फुकी ओबारा आणि मिझुहो ताकी. यावर कमी बोलते.
त्या खरंच मारतात.
छातीवर पंजा उमटला, हॉल गप्प झाला,
आणि त्या गप्पपणात ओबारा हसली.
ते हसू मला आवडलं नाही.
घरी जाईपर्यंत ते माझ्याबरोबर बसमध्ये होतं.

माझा मेहुणा म्हणतो, सगळं लुटुपुटूचं.
तो बँकेत आहे. दिवसातून दोनशे वेळा
कमरेत वाकून "आपले उपकार झाले" म्हणतो.
मी कधी विचारलं का?

आता शेवटची. शिनोहारा आणि वागात्सुमा.
वागात्सुमा चोपन्न वर्षांचा, दोन्ही गुडघे बांधलेले,
शड्डू ठोकला तोही एकाच मांडीवर, दुसरी सांभाळून.
अकरा मिनिटं त्याने त्या पोराला पैलवान करून दाखवलं.
न लागणारं कोपर असं खाल्लं
की माझीच दाढ कळवळली.
मग ती उचल, मानेवरून मागे.
पंचाने तीन मोजले, घंटा झाली,
वागात्सुमा उठला नाही.

मी जाणकार म्हणवते स्वतःला.
सोंग कुठे संपतं ते मला कळतं.
या वेळी नाही कळलं.
सुगावाराबाईकडे पाहिलं, तिलाही नाही.
पंच वाकला, त्याचा पंजा आपल्या पंजात धरून दाबला.
टोकियोच्या मुलींच्या टाळ्या मध्येच थांबल्या.
शिनोहारा पट्टा उंच धरून उभा
आणि त्याचा चेहरा, पहिल्यांदाच,
पोस्टरसारखा नव्हता.
तेवढ्यासाठी मी त्याला आठ दिले.

नंतर मागच्या आवारात. बर्फ भुरभुरत होतं.
वागात्सुमा ट्रकपाशी रिंगणाच्या फळ्या मोजत होता,
हातात कॉफीचा गरम डबा.
शिनोहाराने जड टोक धरलेलं, मान खाली.
"कोपर," म्हातारा म्हणाला, "बाहेरून आण."
एवढंच ऐकू आलं.

रागच आला मला त्याचा.
किती घाबरवलं होतं मेल्याने.
बसथांब्यावर वही काढली,
त्याच्या नावापुढे आकडा घातला, खोडला,
पुन्हा तोच घातला.

पुढचा कार्यक्रम मार्चात.
तिकीट पाचशे येननी वाढलंय,
हे मात्र बरोबर नाही.